अर्धं वर्ष पाण्याचं, अर्धं लाकडाचं

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या पूर्व टोकाला गास्पे द्वीपकल्प आहे. सेंट लॉरेन्स नदी रुंदावत जाऊन जिथे आखात होते, तिथे या द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावर ग्रांद-वाले हे गाव. वस्ती हजाराच्या आसपास. घरात, दुकानात, कामावर भाषा फ्रेंच. पुढे पाणी, पाठीला डोंगर, डोंगरावर फर आणि स्प्रूसचं रान. मधल्या पट्टीत १३२ क्रमांकाचा रस्ता, चर्च, शाळा, १९२३ साली बांधलेला छप्परवाला लाकडी पूल आणि लाकूड चिरायची गिरणी. उन्हाळा आखूड, हिवाळा लांबलचक. पोट भरायला दोनच वाटा, पाण्यातली आणि रानातली.

पुढचा दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यातला, शुक्रवारचा. यातलं घर कोण्या एका कुटुंबाचं नाही. या किनाऱ्यावर कामं जशी चालतात, त्यांतून ते जुळवलेलं आहे. घरात चौघं: लॉबस्टर धरणारा बाप, मासळीच्या कारखान्यात जाणारी आई, जंगलात राबणारा मुलगा आणि ऐंशी ओलांडलेली आजी. तिघांच्या कमाया तीन जागांहून येतात, आणि त्यांतली कुठलीही एकटी वर्ष काढून देत नाही.

पहाटे ३:३०

बाप उठतो तो आधी फोनवर सागरी हवामान बघतो. वारा नैर्ऋत्येचा, दहा ते पंधरा नॉट, दुपारनंतर थोडा चढेल. म्हणजे जायचं. लॉबस्टरचा हंगाम एप्रिलअखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला उघडतो आणि दहाएक आठवड्यांत मिटतो. वाऱ्याने खाल्लेला दिवस नंतर भरून मिळत नाही. कॉफीचा थर्मास भरायचा, पावावर डुकराच्या खिम्याचा मसालेदार थंड थर लावायचा, उभ्याउभ्याच खायचं आणि ट्रक सुरू करायचा. नौका पूर्वेकडच्या धक्क्याला बांधलेली आहे.

मुलाच्या खोलीतला दिवाही लागलेला असतो. दोघांची गाठ स्वयंपाकघरात पडते, बोलणं दीड वाक्याचं.

“पापा, माझे हातमोजे?”

“शेगडीमागे. वाळलेत.”

पहाटे ४:१५

सूर्य याच सुमारास पाण्यावर येतो. धक्क्यावर मदतनीस आधीच आलेला आहे. आमिषाच्या पेट्या तो नौकेत चढवतोय. पेट्यांमध्ये गोठवलेली मासळी. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमिषाला लागणारा मॅकरेल आणि हेरिंग कोळी स्वतःच धरत. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने अटलांटिक आणि आखातातली मॅकरेलची व्यावसायिक मासेमारी बंद केली, कारण माशाचा साठा तळाला गेला होता. आखाताच्या दक्षिण भागातल्या वसंतातल्या हेरिंगचंही तेच झालं. आता आमिष विकत घ्यावं लागतं, तेही लांबून आलेलं. सापळा पाण्यात जायच्या आधीच दिवसाचा खर्च सुरू झालेला असतो.

पहाटे ५:००

मुलाला न्यायला कंत्राटदाराची व्हॅन येते. आत पाच जण, मागे मोटरकरवती, पेट्रोलचे डबे, शिरस्त्राणं. डांबरी रस्ता सुटतो आणि खडीचा जंगलरस्ता लागतो. इथे गाडी चालवण्याचा कायदा वेगळा. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, समोरून ओंडक्यांनी लादलेला ट्रक कधीही येईल. म्हणून दर थोड्या अंतरावर किलोमीटरची पाटी आहे, आणि पाटी आली की चालक रेडिओवर आकडा सांगतो: बारा, रिकामी, वर. पलीकडून उत्तर येतं: पंधरा, भरलेला, खाली. भरलेल्याचा मान पहिला. रिकाम्याने कडेला थांबायचं.

हा मुलगा एप्रिलमध्ये जंगलात नव्हता, स्नो क्रॅब धरणाऱ्या नौकेवर खलाशी होता. त्याला कारण आहे. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळतं, जमीन फुगते, जंगलरस्त्यांचा चिखल होतो. सार्वजनिक रस्त्यांवरही त्या दिवसांत अवजड ट्रकांच्या वजनावर मर्यादा येते. लाकडाची वाहतूक अडते आणि रानातली कामं थंडावतात. नेमका तेव्हाच आखातातला बर्फ फुटतो आणि खेकड्याचा हंगाम उघडतो. मेअखेर रस्ते वाळतात, खेकडा संपत येतो, माणसं वर जंगलात जातात. गावाचं सारं अर्थकारण या सांध्यावर उभं आहे. एका धंद्याची बंदी दुसऱ्याच्या हंगामावर बसते म्हणून लोक इथे टिकून आहेत.

सकाळी ५:४५

पहिला बोया दिसतो. बाप नौका वाऱ्याकडे वळवून वेग तोडतो. मदतनीस आकड्याने दोर ओढून घेतो आणि हायड्रॉलिक चाकात अडकवतो. चाक फिरतं आणि दोराला लागलेलं समुद्रशेवाळ सोलून काढत सापळा वर येतो. कठड्यावर टेकला की दार उघडायचं.

आत तीन लॉबस्टर आहेत. कोकणातला शेवंड बिननांग्यांचा. याला दोन दणकट नांग्या, एक चिरडायला, एक कापायला. हात मागून, पाठीवरच घालायचा. पहिल्याला पितळी माप लावायचं. मापाचं एक टोक डोळ्याच्या खोबणीत, दुसरं पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेला. कवच ८२ मिलिमीटरांपेक्षा आखूड भरलं तर प्राणी परत पाण्यात. हा भरत नाही, गेला. दुसरी मादी आहे. उलटी केली की शेपटीखाली अंड्यांचा काळसर-हिरवा घड दिसतो. अशी मादी कितीही मोठी असो, ठेवणं गुन्हा आहे. तीही पाण्यात, पण टाकून नव्हे. कठड्याशी वाकून अलगद सोडायची. तिसरा नर आहे, मापात बसतो. त्याच्या दोन्ही नांग्यांवर रबरी पट्ट्या चढतात आणि तो पेटीत जातो. मदतनीस जुनं आमिष काढून नवं खोचतो, दार लावतो, सापळा पाण्यात. या सगळ्याला मिनिटभरही लागत नाही. असे सापळे आज दोन-अडीचशे.

लॉबस्टरला सध्या या किनाऱ्यावर बरे दिवस आहेत. आखाताचं पाणी ऊबदार होत चाललंय आणि ते त्याला मानवलंय. तेच पाणी उत्तरेकडच्या कोळंबीला बाधलं. खोल पाणी तापलं, त्यातला प्राणवायू घटला, कोळंबी खाणारा लाल मासा रेडफिश वाढला. २०२४ साली आखातातल्या कोळंबीच्या कोट्यात मोठी कपात झाली आणि कोळंबीवर जगणाऱ्या नौका नि कारखाने अडचणीत आले. शेजारच्या धक्क्यावर बांधून पडलेल्या ट्रॉलरांकडे बघत बाप रोज नौका काढतो. आज जात्यात कोण आणि सुपात कोण, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

सकाळी ७:००

आईची पाळी सुरू होते. कारखाना रिव्हिएर-ओ-रेनारला, गावापासून तासाभराच्या वाटेवर. चौघी जणी एका मोटारीत येतात. रिव्हिएर-ओ-रेनार हे क्वेबेकमधल्या मासेमारीचं मोठं केंद्र. खेकड्याच्या हंगामाची शेपटी चालू आहे, त्यामुळे आज पट्ट्यावर स्नो क्रॅब. फक्त नर. कवचाची रुंदी ९५ मिलिमीटरांपेक्षा कमी असलेला नरही धरता येत नाही.

खेकडा पट्ट्यावर येतो, त्याचं पाठीचं कवच उपटून निघतं, धड मधून दुभंगतं. चार पाय आणि एक नांगी असा अर्धा भाग हाती उरतो. आई फिरत्या ब्रशला तो टेकवते, करडे कल्ले उडून जातात, आणि तुकडा जाळीच्या पेटीत पडतो. पुढे उकळत्या पाण्याची टाकी, मग गार पाणी, मग गोठवण्याचं खारं पाणी. फरशी कायम ओली, बूट रबरी, कानात आवाज अडवायचे बोळे. मनगट आठव्या तासाला बोलू लागतं.

पट्ट्यावर समोर उभ्या बायका मेक्सिकोहून हंगामापुरत्या आलेल्या आहेत. गावातली तरुण मुलं शिकायला क्वेबेक शहराला, मॉन्ट्रियलला गेली आणि बरीच तिकडेच राहिली. कारखान्यांना हात पुरेनात. गेल्या काही वर्षांत गास्पेच्या मासळी कारखान्यांत स्पॅनिश रोजची झाली आहे. आई फ्रेंचमध्ये विचारते, पलीकडची स्पॅनिशमध्ये उत्तर देते, काम अडत नाही.

सकाळी ८:१५

गावात शाळेची घंटा होते. शाळेला एस्द्रास मँव्हिल यांचं नाव आहे. ते १८९६ साली याच गावात जन्मले, अर्थशास्त्रज्ञ झाले आणि १९३८ ते १९६२ मॉन्ट्रियलच्या वाणिज्य महाविद्यालयाचे संचालक होते. ज्या वर्षी ते संचालक झाले त्याच वर्षी, महामंदीच्या तडाख्यातून गाव सावरत नसताना, त्यांच्या कल्पनेवर ग्रांद-वालेला एक वनवसाहत उभी राहिली. तोवर सरकारची रीत अशी होती की बेकार माणसाला रानातला तुकडा द्यायचा आणि शेती कर म्हणायचं. मँव्हिल म्हणत होते की इथल्या मातीत शेती एकटी माणसाला जगवणार नाही. कुटुंबाला थोडी जमीन द्या आणि सोबत जंगलात कामाचा हक्क द्या, तोडणीही सहकाराने करू द्या, म्हणजे लाकडाचा पैसा बाहेरच्या कंपनीच्या खिशात न जाता गावात राहील.

ती वसाहत तिच्या मूळ रूपात फार काळ चालली नाही. पण तिच्या मुळाशी असलेलं निदान आजही खोटं ठरलेलं नाही. इथे एका धंद्यावर घर उभं राहत नाही, आणि दुसरा धंदा दारातच हवा.

सकाळी १०:००

जंगलात उजेड हिरवा आहे आणि हवेत काळ्या चिलटांचे ढग. जूनचा पहिला पंधरवडा त्यांचा. मानेवर, कानामागे, टोपीच्या कडेखाली शिरून ती चावत नाहीत, कातडी कुरतडतात. रक्त ओघळतं आणि मग सुजतं. मुलाने जाळी घातली आहे, पण जाळीतून घाम टिपता येत नाही.

त्याचं काम विरळणीचं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तोडलेल्या जागी फर, स्प्रूस आणि बर्च दाटीने उगवलेत, बोटाएवढे, मनगटाएवढे. खांद्याच्या पट्ट्याला लटकवलेल्या मोटरकरवतीने त्यांतले बहुतेक कापायचे आणि साधारण दोन-दोन मीटरांवर एक चांगलं झाड राखायचं, म्हणजे त्याला उजेड मिळून ते जाडावेल. पातं जमिनीलगत फिरतं, दगडाला लागलं तर ठिणगी उडते. प्रत्येक पावलाला निवड करायची: हा वाकडा, हा शेंड्याला मेलेला, हा राहू दे. मजुरी तासावर नाही, हेक्टरवर. चढ असला, दाटी जास्त असली, पाऊस लागला, तरी हेक्टर तेवढाच. राखलेलं झाड कापण्याजोगं होईल तेव्हा हा मुलगा निवृत्तीच्या वयाला आलेला असेल.

आज तो फरचे कोवळे शेंडे वाकवून बघतोय. कळ्यांत रेशमाच्या धाग्यात गुंडाळलेली तपकिरी अळी आहे. स्प्रूस बडवर्म असं तिचं नाव, पण तिला खरा आवडतो तो फर. सुमारे तीस वर्षांनी तिची साथ उसळते. आताची साथ २००६ च्या सुमारास सेंट लॉरेन्सच्या पलीकडच्या, उत्तरेच्या किनाऱ्यावर सुरू झाली आणि पाणी ओलांडून इकडे आली. लागोपाठ काही वर्षं शेंडे खाल्ले गेले की झाड मरतं. सरकार काही पट्ट्यांवर विमानातून जिवाणूंचं फवारणीद्रव्य मारतं. मुकादमाने नोंद केली, जागा नकाशावर टिपली आणि सगळे पुन्हा करवतीला लागले.

हे रान कोणा एकाच्या मालकीचं नाही; क्वेबेकमधलं नव्वद टक्क्यांहून अधिक जंगल सार्वजनिक आहे. १ एप्रिल २०१३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार कुठे, किती, केव्हा तोडायचं याचं नियोजन कंपन्यांकडून काढून मंत्रालयाने आपल्याकडे घेतलं. गावकऱ्यांची तक्रार अशी की ठरवणारा बदलला तरी निर्णय अजून लांबच होतो. शिवाय ऊन लागोपाठ तापलं तर वणव्याचा धोका वाढतो आणि ठिणगी उडवणारी कामं थांबवावी लागतात. २०२३ च्या जूनमध्ये क्वेबेकभर पेटलेल्या वणव्यांनंतर या बाबतीत कोणी कुरकुर करत नाही. मात्र थांबलेल्या दिवसाची हेक्टरमजुरीही कोणी देत नाही.

दुपारी १२:३०

नौका धक्क्याला लागते. पेट्या वर जातात, वजन होतं, पावती निघते. खरेदीदार भाव सांगतो. भाव इथे ठरत नाही, बॉस्टनच्या बाजाराकडे बघून ठरतो, आणि अलीकडे बीजिंगकडेही बघावं लागतं. मार्च २०२५ मध्ये चीनने कॅनडाच्या मासळीवर २५ टक्के कर लावला, तेव्हा या धक्क्यावर हंगामाआधीच चर्चा सुरू झाली होती.

भावाचं दुखणं जुनं आहे. १७६६ मध्ये जर्सी बेटावरचा चार्ल्स रॉबिन गास्पेला आला आणि त्याच्या नि त्याच्यासारख्यांच्या पेढ्यांनी इथली कॉडमासळी दीड शतक आपल्या मुठीत ठेवली. वसंतात पेढीकडून मीठ, दोर, गळ, पीठ उधारीवर घ्यायचं, उन्हाळाभर कॉड धरून वाळवून पेढीला घालायचा, शरदात हिशेब. वहीत बहुधा बाकीच निघायची, आणि शिल्लक निघाली तरी ती मालात मिळायची. मीठ आणि मासा, दोन्हींचा भाव पेढीच लावी. १९०९ साली व्यापाऱ्यांनी भाव पाडल्यावर रिव्हिएर-ओ-रेनारच्या कोळ्यांनी त्यांच्यावर मोर्चा नेला. सरकारने जहाज पाठवून माणसं धरली. पुढे सहकारी संस्था निघाल्या तेव्हा कुठे वही कोळ्याच्या हाती आली.

दुपारी १:१५

घरी जेवण. मुख्य जेवण पूर्वी हेच असे. आता बाप आणि आजी दोघंच. वाटाण्याचं सूप, बटाटे, मिठातला कॉड, आणि शेवटी मैदा, लोणी आणि ब्राऊन शुगरच्या पाकातलं पुडिंग, मंदीच्या काळात घराघरांत रुळलेलं. ताटातला कॉड बाहेरून आणलेला आहे. आजीला तो विकत घेणं अजून पटलेलं नाही.

तिच्या लहानपणी हा सगळा किनारा कॉडचा होता. लाकडी मांडवांवर स्प्रूसच्या फांद्या पसरून त्यांवर उभा चिरलेला कॉड मांडायचा, आपल्याकडे वलांडीवर बोंबील वाळतात तसा उघड्या वाऱ्यावर. मीठ कमी, ऊन जास्त, आणि दिवसातून कितीदा तरी उलथापालथ. पावसाचा थेंब पडला की बायका-मुलं धावत. ‘गास्पे’ पद्धतीचा हा सुका कॉड इटली आणि ब्राझीलपर्यंत जात असे. मासा धरणं पुरुषांचं, तो विकण्याजोगा करणं बायकांचं. पावती मात्र पुरुषाच्या नावाने. थंडीत तेच पुरुष जंगलातल्या तळांवर जात आणि वसंतातच परतत. “तुझा बाप मला वर्षातून पाच महिने दिसायचा,” आजी समोर बसलेल्या आपल्या मुलाला सांगते, “आणि त्यातही तो पाण्यावर.”

१९९३ आणि १९९४ मध्ये आखातातली कॉडची व्यावसायिक मासेमारी बंद करण्यात आली. साठा संपला होता. मोठ्या ट्रॉलरांनी, वाढीव कोट्यांनी आणि पाण्याच्या बदलांनी तो संपवला होता. आखातात तो अजूनही पूर्वीसारखा आलेला नाही. कॉड गेल्यावर काही घरं बंद झाली, काही लॉबस्टर आणि खेकड्याच्या परवान्यांवर तरली. परवाने मर्यादित आहेत. आज ते विकत घ्यायला घराच्या कित्येक पट पैसा लागतो. म्हणून मुलगा बापाच्या नौकेकडे बघताना आधी बँकेकडे बघतो.

दुपारी २:३०

बाप गिरणीवर जातो. विकत घ्यायच्या असतात सापळ्यांसाठी फळ्या, पण थोडं बोलणंही असतं. गिरणी चालू आहे. ओंडक्याची साल निघते, पाती त्याला चारी बाजूंनी चौरस करतात, फळ्या भट्टीत वाळायला जातात. यातली बरीचशी अमेरिकेत घरं बांधायला जाते. तिथे कॅनडाच्या लाकडावरचा कर ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे ३५ टक्क्यांवर गेला आणि ऑक्टोबरात त्यावर आणखी १० टक्के चढला. इतक्या करावर आठवड्याच्या पाळ्या किती ठेवायच्या, हा प्रश्न इथल्या प्रत्येक गिरणीपुढे आहे.

दुसरी अडचण चकत्यांची. गोल ओंडका चौकोनी करताना जे कडेचं लाकूड उरतं त्याच्या चकत्या होतात, आणि त्या कागदगिरणीला विकल्या तर गिरणीचा ताळा बसतो. दक्षिण किनाऱ्यावर शँडलेरला १९१५ पासूनची कागदगिरणी होती; ती १९९९ मध्ये बंद पडली. पुन्हा उभी करायचा मोठा प्रयत्न २००४ मध्ये फसला. तेव्हापासून चकत्यांना गिऱ्हाईक लांबचं, आणि वाहतुकीचा खर्च मालाच्या उरावर.

संध्याकाळी ४:३०

मुलाची व्हॅन खाली उतरते. कानांवर सूज, बाह्यांना राळ. दारातच कपडे काढून धुवायला टाकायचे, कारण राळ आणि चिलटं दोन्ही आत येतात. पाच-साडेपाचला आई येते. अंगाला खेकड्याचा वास आहे. तो अंघोळीनंतरही बोटांना राहतो. रात्रीचं जेवण सहाला. आजचे दोन लॉबस्टर बापाने घरासाठी ठेवलेत, ते उकळून, लोण्यात बुडवून, हातानेच.

संध्याकाळी ७:००

टेबल पुसलं की त्यावर कागद येतात. या घरात हे कामही दिवसाचाच भाग आहे.

कॅनडाच्या बेकारी विम्यात दोन वेगळी खाती आहेत. आई आणि मुलगा मजूर, त्यांचा हक्क तासांवर. प्रदेशातल्या बेकारीच्या दरानुसार ४२० ते ७०० तास भरले पाहिजेत. गंमत अशी की प्रदेशाची परिस्थिती कागदावर सुधारली, बेकारीचा दर उतरला, की लागणारे तास वाढतात. तरुण गाव सोडून गेले म्हणून दर उतरला, तरीही. बापाचं खातं कोळ्यांचं. १९५७ पासून कोळ्यांनाही हा विमा मिळतो आणि तिथे तास मोजत नाहीत, मासळीची कमाई मोजतात: २,५०० ते ४,२०० डॉलर, आणि भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे. भत्ता म्हणजे सरासरी विमापात्र कमाईच्या ५५ टक्के.

मुलाची पंचाईत दोन्हींमधली. एप्रिलमध्ये तो नौकेवर होता आणि त्याला माशातला वाटा मिळाला, म्हणून ते काम ‘मासेमारी’. जूनपासून तो मजूर. खात्याच्या लेखी त्याची दोन आयुष्यं आहेत. सप्टेंबरात जंगलातलं काम लवकर थांबलं तर दोन्हीकडचा जोड नीट बसेलच असं नाही. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये भत्ता संपलेला आणि खेकडा उघडलेला नाही, अशी काही आठवड्यांची पोकळी येते. किनाऱ्यावर तिला ‘काळं विवर’ म्हणतात. बाहेरून बघणारे म्हणतात, ही माणसं सहा महिने बसून खातात. हिवाळ्यात बर्फाखाली असलेल्या पाण्यात काय टाकायचं आणि एप्रिलच्या चिखलातून ट्रक कसा काढायचा, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. शहरातल्या लोकांच्या ताटात वर्षातून दहा आठवडे ताजा लॉबस्टर हवा असेल, तर तो धरणारा उरलेले बेचाळीस आठवडे कुठेतरी जगायला हवा.

आई वहीत आजचे आठ तास लिहिते. मुलगा हेक्टरचा अंश लिहितो. बाप पावती डब्यात टाकतो.

रात्री ८:४५

शेजारच्याचा फोन: “कापलान आलाय!” सगळे बादल्या घेऊन खाली. कापलान हा जेमतेम वीतभर लांबीचा चांदीसारखा मासा. जूनच्या आसपास अंडी घालायला लाटेबरोबर थेट खडीवर येतो. एक लाट फुटते आणि किनाऱ्यावर हजारो मासे तडफडतात. पुढची लाट यायच्या आत हातजाळ्याने, टोपलीने, नुसत्या हातांनी भरायचे. मुलं पाण्यात गुडघाभर, बूट भरलेले. आजी खुर्चीत, ओरडून सांगते की नर वेगळे काढा, ते तळायला चांगले. तिच्या बापाच्या काळी हाच मासा गाड्या भरभरून बटाट्याच्या शेतात खत म्हणून जाई. आता थोडा तळला जातो, थोडा खारवून वाळवला जातो, काही बादल्या बाप आमिषासाठी मागून घेतो. विकत घेतलेल्या पेटीपेक्षा हे स्वस्त पडतं.

रात्री १०:००

झोपण्याआधी पुन्हा हवामान. शनिवारी ईशान्येचा वारा, तीस नॉट. नौका निघणार नाही. बाप आणि मुलगा मग वर जाऊन हिवाळ्याचं सरपण फोडतील. घराची शेगडी बर्चवर चालते आणि जूनमध्ये फोडलेलं लाकूडच ऑक्टोबरपर्यंत नीट वाळतं. सरकारी जंगलात घरगुती सरपणासाठी परवाना लागतो. तो काढून ठेवलेला आहे. म्हणजे त्या दोघांचा दिवस वाया जात नाही.

आईचं तसं नाही. नौका धक्क्यालाच राहिल्या की खेकडा येत नाही, खेकडा नाही की पट्टा चालत नाही, आणि शनिवारची पाळी रद्द झाल्याचा संदेश कारखान्याकडून आलाच आहे. आठ तास गेले. ते शरदात कुठल्या कामावर भरून काढायचे, माशाच्या की गिरणीच्या सफाईच्या, यावर बोलणं सुरू होतं, आणि बाप म्हणतो, “गिरणीत विचारून आलोय मी. सप्टेंबरात माणूस लागेल म्हणाले, पाळ्या राहिल्या तर.”